मेळघाटचें राखीव रान व वऱ्हाडचीं जुनीं दप्तरें

१. उपोद्घात

अकोट तालुक्याच्या उत्तर शिवेवर, सातपुड्याच्या गाविलगड रांगेंत, नरनाळ्याचा किल्ला आहे. वऱ्हाडच्या इतिहासाच्या अभ्यासकांस तो सुपरिचित आहे. बहामनी सुलतान अहमदशहा यानें इ. स. १४२५ ते १४२८ च्या सुमारास त्याची डागडुजी केल्याचें फिरिश्ता सांगतो. महाकाळी दरवाजावरील लेख हिजरी ८९२ म्हणजे इ. स. १४८७ चा आहे. आणि आईन-इ-अकबरींत नरनाळा हें वऱ्हाड सुभ्यांतील एक सरकार म्हणून नोंदलेलें आहे. या गोष्टी पुष्कळ वेळां लिहिल्या गेल्या आहेत. परंतु हा किल्ला ज्या अरण्यांत उभा आहे त्या अरण्यालाहि इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचीं साधनें म्हणजे आपण नित्य ज्यांचा शोध घेतों तेच कागद होत, इकडे संशोधकांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं.

सरकारी मालकीची वनभूमि जितकी पहाऱ्यानें राखली जाते तितकीच ती कागदानें राखली जाते. हद्द कोठें, जमिनीचा वर्ग कोणता, व तींत हक्क कोणाचा, या तीन प्रश्नांचीं उत्तरें दप्तरांत असतात. तें दप्तर हरवलें, फाटलें किंवा खोटें निघालें, तर रान व रानांतील माणूस या दोघांचीहि हानि होते. मेळघाटच्या उदाहरणावरून हें कसें घडतें तें दाखवावें, व त्यावरून हस्तलिखितांच्या संग्राहकांवर कोणती जबाबदारी येते तिचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

२. डोंगराचे धनी

ज्याचा किल्ला त्याचा भोंवतालचा डोंगर, असा प्रकार या भागांत दीर्घकाळ चालत आला. इ. स. १८०३ च्या युद्धांत ता. २९ नोव्हेंबर रोजीं हल्लींच्या तेल्हारा तालुक्यांतील अडगांव येथें लढाई झाली, ता. १५ डिसेंबर रोजीं गाविलगड पडला, आणि ता. १७ रोजीं देवगांवचा तह झाला. त्या तहानें दुसरे रघूजी भोसले यांनीं वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला. मात्र नरनाळा व गाविलगड हे दोन किल्ले आणि त्यांच्या लगतचा चार लक्ष रुपये वसुलाचा प्रदेश त्यांच्याकडेच राहिला. हा तुकडा पुढें १८२२ सालच्या तहानें निजामाकडे गेला.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें, परंतु त्यावरील निजामाचें स्वामित्व नांवापुरतें कायम राहिलें. १८६० सालीं या व्यवस्थेंत फेरफार झाले. १९०२ सालीं वार्षिक २५ लक्ष रुपये खंडावर वऱ्हाडचा कायम पट्टा इंग्रज सरकारास मिळाला, व १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर १९५६ सालीं हा भाग मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला.

या स्थित्यंतरांचा परिणाम कागदांवर झाला. या डोंगरांसंबंधींचा एखादा प्रश्न सोडवावयाचा असेल तर नागपूर येथील पुराभिलेख, हैदराबाद येथील मोगल व निजामशाही दप्तरें, दिल्लींतील रेसिडेन्सीचे कागद व लंडन येथील इंडिया ऑफिसचा संग्रह इतक्या ठिकाणीं पाहावें लागतें. जिल्ह्यांच्या कचेऱ्यांतील अभिलेख तर निराळेच. जे कागद सरकारजमा झाले नाहींत ते देशमुख, देशपांडे, पाटील व पटवारी यांच्या घरांतील रुमालांत राहिले. त्यांपैकीं कांहीं आज संग्राहकांच्या हातीं आहेत.

३. वर्ग आणि हद्द

वऱ्हाड हें कायद्याच्या दृष्टीनें ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळें तेथील वनांस १८७८ चा वनकायदा आपोआप लागूं झाला नाहीं. त्यासाठीं १८८६ सालीं वऱ्हाडचा स्वतंत्र वनकायदा करण्यांत आला. वऱ्हाडांतील सरकारी रानाचे तीन वर्ग पाडण्यांत आले. पहिला वर्ग इमारती लाकूड व जळण यांसाठीं राखलेला. दुसरा गवताच्या रमण्यांचा व बाभूळबनांचा. आणि तिसरा गुरचरणाचा. अक्षरांनीं वर्ग ओळखण्याची ही रीत लोकांच्या बोलण्यांत इतकी मुरली आहे कीं, आजहि अकोला, अमरावती, बुलढाणा व यवतमाळ या जिल्ह्यांत गांवच्या गुरचरणास व सरकारी पडीत जमिनीस ‘ई-क्लास’ असेंच म्हणतात. अतिक्रमणाची तक्रार घेऊन तलाठ्याकडे जाणारा शेतकरी हा शब्द सहज उच्चारतो. तो एका जुन्या जमाबंदीचा अवशेष आहे याची त्याला कल्पनाहि नसते.

रान राखीव होतें म्हणजे नक्की काय होतें, हें समजण्यास १९२७ च्या भारतीय वन अधिनियमांतील क्रम पाहावा. प्रथम कलम ४ अन्वयें, अमुक हद्दीची जमीन राखीव करण्याचें योजिलें आहे, असा जाहीरनामा निघतो व वनजमाबंदी अधिकारी नेमला जातो. कलम ६ अन्वयें हा अधिकारी आसपासच्या गांवांत स्थानिक भाषेंत घोषणा करितो, आणि ज्यांचा कांहीं हक्क असेल त्यांनीं तो मांडावा म्हणून तीन महिन्यांहून कमी नाहीं अशी मुदत देतो. नंतर चौकशी होते. जो हक्क मुदतींत मांडला गेला नाहीं व चौकशींतहि कळून आला नाहीं, तो कलम ९ अन्वयें नष्ट होतो. पुरेसें कारण दाखविल्यास अखेरच्या जाहीरनाम्यापूर्वीं तेवढी सवड असते. शेवटीं कलम २० चा जाहीरनामा निघाला म्हणजे रान पूर्णपणें राखीव झालें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हा सर्व व्यवहार लेखी आहे. ज्या कोरकू माणसाची भाषा मराठीहून सर्वस्वीं निराळ्या, मुंडा कुळांतील आहे, व ज्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या तोंडींच चालत आला, त्यानें तो अशा रीतीनें मुदतींत मांडावा अशी अपेक्षा होती. म्हणून ज्या कागदांत रानाचें संरक्षण आहे त्याच कागदांत कित्येकांच्या हक्कांचा लोपहि आहे. कागद खरा असूनहि अपुरा असूं शकतो, हें तत्त्व इतिहासाच्या अभ्यासकांस नवें नाहीं.

४. एका डोंगरावर दोन सत्ता

अमेरिकेंत १८७२ सालीं यलोस्टोनचें रान राष्ट्राच्या मध्यवर्ती सरकारनें आपल्याच मालकीच्या भूमींतून राखून ठेविलें, व तेथील अशा जमिनींचा कारभार आजहि तें सरकारच पाहतें. आपल्याकडील रचना निराळी आहे. वनभूमि व तिचा दैनंदिन कारभार राज्याकडे, परंतु ती मोडण्याची परवानगी देणें केंद्राकडे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें वन व वन्य प्राणी हे विषय समवर्ती सूचींत गेले. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानें राखीव वनाचें राखीवपण काढावयास किंवा वनभूमि इतर कामास द्यावयास केंद्र सरकारची पूर्वसंमति आवश्यक ठरली. २०२३ सालीं या कायद्याचें नांव व कांहीं तरतुदी बदलण्यांत आल्या.

या दुहेरी व्यवस्थेचें सर्वांत बोलकें उदाहरण नरनाळा हेंच होय. किल्ल्याचे तट व दरवाजे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहेत. आणि त्याच डोंगरावरील १२.३५ चौरस किलोमीटर रान १९९७ पासून राज्याचें वन्यजीव अभयारण्य आहे. तटांतील दगड एका कायद्याखालीं, व त्या दगडाच्या फटींत रुजलेलें झाड दुसऱ्या कायद्याखालीं. दोहोंपैकीं एकाच्याच हिताकडे पाहून काम केल्यास दुसऱ्याची नासाडी होते. म्हणून येथें इतिहासज्ञानें वनविद्या, व वनाधिकाऱ्यानें इतिहास थोडा तरी जाणणें अवश्य आहे.

नरनाळ्याचें अभयारण्य हा एका मोठ्या प्रदेशाचा लहान भाग आहे. १९७३ सालीं देशांत व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हां प्रथम निवडलेल्या नऊ रानांत मेळघाट होतें. पुढें १९८५ सालीं मेळघाट अभयारण्य, १९८७ सालीं ३६१.२८ चौरस किलोमीटरचें गुगामल राष्ट्रीय उद्यान, आणि १९९७ सालीं नरनाळ्याबरोबर वान व अंबाबरवा हीं अभयारण्यें झालीं. डिसेंबर २००७ मध्यें या सर्वांतून १५००.४९ चौरस किलोमीटरचा भाग वाघांचा अतिमहत्त्वाचा अधिवास म्हणून जाहीर झाला. प्रत्येक पायरीस एक जाहीरनामा, व प्रत्येक जाहीरनाम्यांत चतुःसीमा. या चतुःसीमा वाचतांना जुन्या सनदांतील शिवेच्या वर्णनाची आठवण आल्यावांचून राहत नाहीं.

नोंदीचें महत्त्व किती आहे तें ता. १२ डिसेंबर १९९६ रोजींच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून कळून येतें. गोदावर्मन यांच्या खटल्यांतील या आदेशानें असें ठरविलें कीं, सरकारी दप्तरांत जी जमीन वन म्हणून नोंदलेली आहे ती, मालकी कोणाचीहि असो, वनच समजावी. याच तत्त्वावर मे २०२५ मध्यें त्या न्यायालयानें पूर्व विदर्भांतील ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या जमिनी वनभूमि ठरविल्या. मालगुजारी मुलखांत कोण्या काळीं लिहिल्या गेलेल्या दोन शब्दांनीं आज हजारों घरांचा व शेतांचा प्रश्न उभा केला. वऱ्हाडांत मालगुजारी नव्हती, रयतवारी होती. म्हणून तेथें झुडपी जंगल नाहीं, ई-क्लास आहे. नांवें निराळीं, परंतु नोंदीचें बळ सारखेंच.

५. रान राखल्यानें अकोल्यास काय मिळतें

हा प्रश्न जो विचारील त्यास पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत नेऊन उभें करावें. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या या पट्ट्यांत विहिरीचें पाणी खारट लागतें. पिण्यास तें योग्य नाहीं व पिकासहि मानवत नाहीं. गोडें पाणी येतें तें उत्तरेकडील डोंगरांतून. मेळघाटांतून दक्षिणेस उतरणारी वान नदी तेल्हारा तालुक्यांत वारी येथें अडविली आहे, व त्या हनुमान सागर जलाशयाचें पाणी ८४ खेडी योजनेंतून दूरच्या गांवांपर्यंत जातें. डोंगरावरील माती जोंवर झाडांच्या मुळांनीं धरून ठेविली आहे तोंवरच नदी उन्हाळ्यांत टिकते व धरणांत गाळ कमी येतो. उलट बाजूस सिपना, गडगा, खापरा, खंडू या नद्या तापीस मिळतात. म्हणजे हें रान दोन खोऱ्यांचें पाणलोटक्षेत्र होय. त्याचें रक्षण वाघासाठीं चाललें आहे असें लोक म्हणतात. परंतु वाघ राखतां राखतां खारपाणपट्ट्यांतील हंडाहि भरला जातो, हें अकोलेकरांनीं विसरूं नये.

६. हक्काचा पुरावा

परंतु रान राखावयाचें म्हणजे त्यांतील माणसांचें काय, हा प्रश्न राहतोच. मेळघाटांत कोरकू, गोंड, निहाल व गवळी यांची वस्ती पूर्वापार आहे. डोंगर जाळून करावयाची त्यांची फिरती शेती इंग्रजी अमदानींत वनखात्यानें बंद पाडली. अलीकडे, म्हणजे २००१ नंतर, बोरी, कोहा व कुंड या गांवांपासून आरंभ होऊन गाभ्यांतील अनेक गांवें उठवून अकोट व तेल्हारा तालुक्यांत वसविण्यांत आलीं. नव्या जागीं मिळालेल्या सोयींबद्दल असमाधान वाटून कित्येक कुटुंबें आपल्या जुन्या गांवठाणीं परतलीं, व जानेवारी २०१९ मध्यें त्यांचा व वनकर्मचाऱ्यांचा संघर्षहि झाला. उभय पक्षीं माणसें जखमी झालीं. असें पुन्हा घडूं नये अशी ज्याची इच्छा असेल त्यानें हक्काचा निर्णय आधीं, व पुनर्वसन नंतर, या क्रमाचा आग्रह धरला पाहिजे. कायद्याचें म्हणणेंहि तेंच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें, व वन्यजीव कायद्याच्या त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें, हक्क मान्य केल्यावांचून आणि ग्रामसभेची समजून-उमजून दिलेली संमति घेतल्यावांचून कोणासहि हलवितां येत नाहीं.

आतां हा हक्क सिद्ध कशानें करावयाचा? या ठिकाणीं आपला विषय प्रत्यक्ष येतो. वनहक्क कायद्याखालील नियमांपैकीं १३ व्या नियमांत ग्राह्य पुराव्यांची यादी आहे. तींत गॅझेटियर, खानेसुमारी, मोजणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनांचे कार्य-आराखडे व चौकशीचे कागद आहेत. पूर्वींच्या संस्थानांच्या व प्रांतांच्या अमदानींतील हक्क व सवलती यांच्या नोंदी आहेत. विहिरी, दफनभूमि व देवस्थानें यांसारख्या प्राचीनत्व दाखविणाऱ्या खुणा आहेत. जुन्या जमीननोंदींतील पुरुषांपर्यंत पोंचणाऱ्या वंशावळी आहेत. आणि गांवांतील वृद्धांची लिहून घेतलेली जबानीहि आहे. आदिवासी नसलेल्या वनवासियांस तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो.

१८७० सालीं आल्फ्रेड लायल यांनीं संपादिलेलें वऱ्हाडचें गॅझेटियर, १९१० चें अकोला जिल्ह्याचें व १९११ चें अमरावती जिल्ह्याचें गॅझेटियर, यादव माधव काळे यांचा १९२४ सालचा ‘वऱ्हाडचा इतिहास’, हे ग्रंथ आपण आजवर जिज्ञासेनें वाचीत आलों. आतां यांतील गॅझेटियरें कायद्यानेंच ग्राह्य ठरविलेला पुरावा झालीं आहेत. एखाद्या पाड्याचें नांव जुन्या नकाशावर आहे कीं नाहीं, एवढ्यावर एका गांवाचें भवितव्य ठरूं शकतें.

हक्क मान्य झाल्यानें रान नाहींसें होतें अशी भीति कित्येकांस वाटते. त्यांनीं अचलपूर तालुक्यांतील पायविहीर पाहावें. मेळघाटच्या पायथ्याच्या या लहानशा गांवास २०१२ सालीं १९२ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. गांवकऱ्यांनीं उजाड टेकडीवर झाडें लावून राखलीं, व तेथील सीताफळाच्या विक्रींतून गांवास उत्पन्नाचें साधन मिळालें. जेथें कागदावर हक्क निश्चित झाला तेथें पहारेकरी बाहेरून आणावा लागला नाहीं.

७. एका खोट्या चिठ्ठीचा दाखला

कागद नष्ट झाल्यानें जसें नुकसान होतें, तसें तें खोट्या कागदानेंहि होतें. रानपिंगळा नांवाचें लहान घुबड मध्य हिंदुस्थानांतील रानांत आढळतें. ह्यूम यानें १८७३ सालीं त्याचें वर्णन केलें. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणास मिळाला नाहीं. मात्र रिचर्ड माइनर्टझहागेन या इंग्रज संग्राहकानें १९१४ सालीं गुजरातेंत मांडवीजवळ आपण एक पक्षी मारल्याची चिठ्ठी आपल्या संग्रहांतील नमुन्यास बांधली होती. पुढील शोधक ती चिठ्ठी खरी मानून भलत्याच ठिकाणीं शोध करीत राहिले. पामेला रॅसमुसेन व नायजेल कॉलर यांनीं सिद्ध केलें कीं, तो नमुना जेम्स डेव्हिडसन यानें १८८० च्या दशकांत मिळविलेला असून, माइनर्टझहागेननें तो चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावली होती. मग रॅसमुसेन यांनीं खऱ्या नमुन्यांच्या स्थळांवर भर देऊन शोध केला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ पक्षी जिवंत सांपडला. नंतर मेळघाटांतहि तो आढळला, व आज मेळघाट हें त्याच्या प्रमुख आश्रयस्थानांपैकीं एक समजलें जातें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं या कथेंतून घ्यावयाचा बोध उघड आहे. वस्तूची किंमत तिच्या ठिकाणाच्या नोंदींत आहे. पोथी कोणत्या घरांतून आली, सनद कोणत्या रुमालांत होती, हें न लिहितां ती विकत घेणें, म्हणजे नमुन्याची खरी चिठ्ठी तोडून टाकणेंच होय.

८. संग्राहकांचें कर्तव्य

तेव्हां करावें काय? पहिली गोष्ट, ज्यांच्या संग्रहीं वऱ्हाडच्या डोंगराळ भागाचे कागद असतील त्यांनीं त्यांची यादी करून तींत गांवांचीं नांवें, शिवेचें वर्णन, व चराई, लाकूड, मोहफुलें, वाटसरा यांसंबंधींचे उल्लेख निराळे टिपावेत. राजकीय इतिहासाच्या दृष्टीनें असे कागद किरकोळ म्हणून आजवर मागें पडले. वनहक्काच्या दृष्टीनें तेच मुख्य होत. दुसरी गोष्ट, मोडी व फारशी कागदांचें बाळबोध वाचन करून प्रत जिल्ह्याच्या वनहक्क समितीस व संबंधित ग्रामसभेस मिळेल अशी व्यवस्था करावी. मोडी न वाचतां येणाऱ्या अधिकाऱ्यापुढें मोडी कागद ठेवणें म्हणजे कांहींच न ठेवण्यासारखें आहे. तिसरी गोष्ट, मूळ कागदाचें उगमस्थान लिहून ठेवावें. ७५ वर्षांहून जुनें ऐतिहासिक हस्तलिखित १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याप्रमाणें पुराणवस्तु ठरतें व परवान्यावांचून तें देशाबाहेर पाठवितां येत नाहीं, हें बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु तें गांवाबाहेर नेतांना काय तुटतें याचा विचार कायदा करीत नाहीं, तो आपणच केला पाहिजे.

चौथी गोष्ट अधिक नाजूक आहे. कोरकू लोक आपल्या मृतांच्या स्मरणार्थ सागवानी स्तंभ कोरून उभारतात; त्यांवर चंद्र, सूर्य व घोडेस्वार काढलेले असतात. असे स्तंभ दिवाणखान्याची किंवा संग्रहालयाची शोभा म्हणून उचलून नेण्याचा मोह अनेकांस होतो. पण वर सांगितलेल्या नियमाप्रमाणें दफनभूमि व पवित्र स्थानें हा रहिवासाचा पुरावा आहे. स्तंभ जागेवर असेल तर तो बोलतो; दिवाणखान्यांत तो मुका होतो. उठलेल्या गांवठाणांतील असे अवशेष जागेवरच ठेवून त्यांचीं छायाचित्रें, मापें व वृद्धांची साक्ष जमविणें हेंच खरें संशोधन. राखीव हद्दींत जाण्यास वनखात्याची परवानगी लागते. ती रीतसर मागावी, व टिपणांची एक प्रत त्या खात्यासहि द्यावी.

यवतमाळच्या शारदाश्रमानें व विदर्भांतील इतर संशोधकांनीं घरोघर फिरून पोथ्या जमविल्या म्हणून महानुभावांचें वाङ्मय व वऱ्हाडचे ताम्रपट आज अभ्यासास मिळतात. तेवढ्याच निष्ठेनें डोंगरांतील कागदांचा शोध झाला पाहिजे. नरनाळ्याचा शिलालेख पांचशें वर्षांहून अधिक काळ टिकला, कारण तो दगडांत आहे. कोरकू पाड्याची आठवण मात्र एखाद्या जीर्ण कागदांत व एखाद्या वृद्धाच्या तोंडीं आहे. तिला तेवढें आयुष्य नाहीं. ज्यांच्याजवळ असे कागद असतील त्यांनीं ते येत्या पावसाळ्यापूर्वीं उघडून पाहावेत, एवढीच विनंति आहे.